टपालखर्चाऐवजी सही : अमेरिकी नेत्यांचे ‘फ्री फ्रँक’

प्रश्न : अमेरिकेचा एके काळचा अध्यक्ष थॉमस जेफरसन याच्या सहीचे पूर्ण पत्र आवाक्याबाहेर आहे. त्याची सही असलेले नुसते पत्त्याचे पान बरेच स्वस्त मिळते. ते दुय्यम समजायचे का? (पुणे)

उत्तर : मुळीच नाही. ठराविक पदांवरच्या लोकांना टपालखर्च माफ असे. त्यासाठी पत्त्याच्या बाजूला स्वतःच्या हाताने सही करावी लागे. जेफरसन ‘फ्री’ लिहून पुढे ‘Th: Jefferson’ (‘Th’ म्हणजे थॉमस) अशी सही करी. हाच फ्री फ्रँक. पाकीट जादा कागद म्हणून मोजले जाई, त्यामुळे १८४५पर्यंत लोक पत्राचाच कागद घडी घालून लाखेने बंद करत. पुढे कुणी मजकुराचे पान वेगळे काढले की पत्त्याचे पान उरते, म्हणून ते स्वस्त. मात्र पान अख्खे घ्या. कातरून काढलेल्या सहीबरोबर शिक्का, गाव आणि पत्ता, म्हणजे सगळा पुरावाच गेलेला असतो.

हा हक्क एका विधवेलाही मिळाला होता. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था वॉशिंग्टन यांना तो एप्रिल १८००मध्ये दिला गेला आणि मे १८०२मध्ये त्या वारल्या. त्यांचा फ्रँक कुणी ‘सहज मिळाला’ म्हणून विकत असेल तर चार हात दूर राहा.

प्रश्न : लिलावातला एक फ्रँक आवडला आहे. छापील नमुन्याशी सही जुळते. आणखी काय बघू? (न्यू जर्सी)

उत्तर : सही सगळ्यात शेवटी बघा. नक्कल करणारा तिच्यावरच सगळी मेहनत घेतो, टपालाचे नियम त्याच्या गावीही नसतात.

आधी तारीख आणि गाव जुळवा. मार्च १८०९मध्ये अध्यक्षपद सोडल्यावरही जेफरसनचा हक्क टिकला, पण मुक्काम माँटिचेलोला, म्हणजे व्हर्जिनियातल्या त्याच्या घरी. तेव्हा शिक्का जवळच्या शार्लट्सव्हिल गावाचा किंवा हाताने लिहिलेला ‘मिल्टन’ (तेही जवळचेच गाव) असा अपेक्षित. १८१५च्या पत्रावर वॉशिंग्टन शहराचा शिक्का दिसला तर नक्की कुठेतरी पाणी मुरते आहे. जेफरसननंतरचा अध्यक्ष मॅडिसन याच्या निवृत्तीनंतरच्या पत्रावर ऑरेंज कोर्ट हाउस या गावाचा शिक्का शोधा. काँग्रेस सदस्यांना १७९२च्या कायद्याने अधिवेशनात आणि नंतर २० दिवस सवलत होती, तीही २ औंसांपर्यंत, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम. ही मुदत पुढे वाढली, म्हणून ज्या वर्षाचे पत्र त्या वर्षाचाच नियम लावा.

मग कोपऱ्यातला टपालखर्चाचा आकडा. १७९९च्या दरपत्रकात एका कागदाला अंतरानुसार ८, १०, १२½, १७, २० किंवा २५ सेंट पडत आणि बहुधा घेणारा ते देई. फ्रँक आणि असा आकडा एकाच पानावर असेल तर एक शक्यता अशी की पोस्टमास्तरने सवलत नाकारली. दुसरी अशी की साध्या पत्रावर नंतर कुणी सही चढवली. विक्रेता समाधानकारक खुलासा करेपर्यंत दुसरीच धरून चाला.

आणखी एक गफलत वारंवार होते. जेफरसनला येणारी पत्रेही फुकट जात. त्यांच्यावरचे ‘फ्री’ पोस्टमास्तरचे असते. मात्र आलेल्या पत्रावर जेफरसन पाठवणाऱ्याचे नाव आणि मिळाल्याची तारीख टिपून ठेवी. ती टीप असेल तर त्याचे अस्सल अक्षर हाती येते.

शेवटी दहापट भिंग. जुन्या कागदाची जिलेटिनची खळ उतरलेली असते, त्यामुळे आज लावलेली शाई तंतूंत फुटते आणि झिजलेल्या घडीत झिरपते. अतिनील दिव्याखाली कागद निळसर-पांढरा चमकला तर तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. पण कागद जुना निघाला म्हणून हुरळून जाऊ नका. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाचा नकलाकार रॉबर्ट स्प्रिंग जुन्या पुस्तकांची कोरी पाने फाडूनच जॉर्ज वॉशिंग्टनच्या चिठ्ठ्या ‘बनवत’ असे.

प्रश्न : अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या सहीची १८३५ची जमिनीची सनद स्वस्तात मिळते आहे. घेऊ का? (नागपूर)

उत्तर : सनद म्हणून खुशाल घ्या, सही म्हणून नको. २ मार्च १८३३च्या कायद्याने अशा सनदांवर अध्यक्षाच्या नावाने सही करायला सचिव नेमला गेला. अध्यक्षाच्या नावाखाली सचिवाचे नाव लिहिलेले सापडेल.

प्रश्न : फ्रँक लॅमिनेट करून फ्रेममध्ये लावावा का? (चिपळूण)

उत्तर : लॅमिनेशन, चिकटपट्टी, गोंद यांतले काहीच नको. मायलार म्हणजे पॉलिएस्टरच्या पारदर्शक खिशात ठेवा. पीव्हीसीचे खिसे आम्ल सोडतात. भिंतीवर रंगीत प्रत लावा आणि मूळ पान अंधारात ठेवा.

कोकणातला पावसाळा हा खरा शत्रू. पान ज्या डबीत ठेवाल तिच्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील एवढेच सिलिका जेल घाला. फार कोरडे झाले तर घड्या तडकतात. डागावर ओला बोळा फिरवू नका. त्या काळची शाई लोह आणि मायफळाची, पाण्याने लोह पसरून अक्षराभोवती तपकिरी कडे उमटते. लाखेचा तुकडा शाबूत असेल तर पान जाड अल्बममध्ये दाबू नका. लाखेच्या जागी खाच कापलेला आम्लरहित पुठ्ठा वर ठेवा, म्हणजे भार तिच्यावर येणार नाही.