मायकल जॉर्डन आणि मायकल बी. जॉर्डन एकच आहेत का?

नाही, दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. मायकल जॉर्डन म्हणजे शिकागो बुल्सला 6 एनबीए विजेतेपदं मिळवून देणारा बास्केटबॉलपटू, जन्म 1963. मायकल बी. जॉर्डन हा 1987 साली जन्मलेला अभिनेता. माहिती शोधताना मधला 'बी' गाळू नका, सगळा घोळ तिथेच होतो.

मला मात्र फुटबॉलमधला किस्सा जास्त आवडतो. 1996 च्या ऑलिंपिकमध्ये ब्राझीलच्या संघात दोन रोनाल्डो होते. बचावफळीतला वयाने मोठा, म्हणून त्याचं नाव तसंच राहिलं आणि पुढे जगभर गाजलेल्या त्या तरुण स्ट्रायकरच्या जर्सीवर 'रोनाल्डिन्यो', म्हणजे 'छोटा रोनाल्डो', छापलं गेलं. नंतर बार्सिलोनाकडून खेळलेला रोनाल्डिन्यो हा आणखी तिसराच!