‘नुसतं लिहायचं काम’ म्हणून इंटर्नशिप सोडू नका

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. शेतमालाच्या बाजारभावाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत तिला इंटर्नशिप मिळाली, पण तिथं कोडिंग न देता एआय एजंटसाठी टूल्सची माहिती लिहायला बसवलंय. हे कारकुनी काम नाही का? शिवाय ते उद्या एआयच करेल. इंटर्नशिप बदलावी का?
– एक पालक, तासगाव

उत्तर : नमस्कार. इंटर्नशिप बदलू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमची काळजी रास्त आहे, म्हणून कारण सविस्तर सांगते.

सॉफ्टवेअरची माहिती आजवर माणसांसाठी लिहिली जायची. वाचून कळलं नाही तर माणूस शेजारच्या टेबलावर विचारतो, ग्रुपवर मेसेज टाकतो. एआय एजंट म्हणजे आपल्या वतीनं स्वतः पावलं टाकून काम करणारा एआय प्रोग्रॅम, आणि टूल म्हणजे त्यासाठी तो वापरतो ती सोय, जसं भाव शोधून देणारा छोटा प्रोग्रॅम. एजंट सहसा विचारत बसत नाही, समोर आहे त्यावरून अंदाज बांधतो आणि पुढे जातो. त्याच्यासमोर असतं काय? टूलचं नाव, वर्णन आणि कोणत्या रकान्यात काय भरायचं याचा तक्ता. आतला कोड त्याला बहुधा दिसतच नाही. अँथ्रॉपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एमसीपी), म्हणजे एआयला बाहेरची टूल्स जोडण्याची एक सामायिक पद्धत, खुला केला, पुढे ओपनएआय आणि गुगलनंही तो स्वीकारला. त्यातही टूलची ओळख अशीच करून दिली जाते. म्हणजे कोड अचूक असला तरी वर्णन ढिलं असेल तर उत्तर चुकू शकतं.

तुमच्याच भागातलं उदाहरण घेऊ. टूलचं वर्णन ‘बाजारभाव देते’ एवढंच आहे. हळदीचा भाव क्विंटलला बोलतात आणि बेदाण्याचा किलोला, हे तासगावच्या माणसाला सांगायला नको. पण टूलमधून नुसते आकडे आले तर एजंट ते शेजारी ठेवून हळद बेदाण्यापेक्षा कितीतरी पट महाग आहे असं शेतकऱ्याला बिनदिक्कत सांगेल. तारीख ०४-०३ अशी दिली तर ती ४ मार्च की ३ एप्रिल? सुट्टीमुळे सौदे निघाले नाहीत आणि रिकामी यादी आली, तर तो भाव पडला असंही समजू शकतो.

आता हेच वर्णन असं लिहून बघा :

‘एका शेतमालाचा, एका बाजार समितीतला, एका दिवसाचा किमान, कमाल आणि सरासरी भाव रुपयांत देते. हळदीचा भाव प्रति क्विंटल, बेदाण्याचा प्रति किलो. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्यावी, उदा. २०२५-०३-०४. त्या दिवशी सौदे झाले नसतील तर रिकामी यादी येते, तिचा अर्थ भाव शून्य असा घेऊ नये. चालू असलेले सौदे यात येत नाहीत.’

जेमतेम पाच वाक्यं आहेत, पण ती लिहायला टूल आतून समजावं लागतं, चालवून बघावं लागतं, मुद्दाम चुकीची तारीख घालावी लागते. त्या चुकीवर ‘एरर ४००’ एवढाच संदेश येत असेल, तर तिथं योग्य तारीख कशी द्यायची हे लिहिलेलं हवं, म्हणजे एजंट स्वतः दुरुस्त करून पुन्हा प्रयत्न करतो. आणि टूल नुसती माहिती वाचतं की नोंद बदलतं किंवा पुसतं, हे तर ठळकपणे सांगायलाच हवं. याला मी कारकुनी म्हणणार नाही.

एआय हे लिहील का? कोड वाचून कोड काय करतो ते लिहील, आत्ताच लिहितो. पण बेदाण्याचा भाव किलोला असतो हे कोडमध्ये कुठंच नसेल, तर ते मार्केट यार्डातल्या माणसाला किंवा ऑफिसातल्या जुन्या सहकाऱ्याला विचारूनच कळतं. नेमकं काय विचारायचं हे सुचणं, ही तुमच्या लेकीची कमाई.

दुसरी बाजूही सांगायला हवी. निव्वळ डॉक्युमेंटेशनच्या, म्हणजे अशी माहिती लिहिण्याच्या, नोकरीवर भिस्त ठेवावी असं मला वाटत नाही. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या कोडिंगची परीक्षा घेतातच, तेव्हा डेटा स्ट्रक्चर्स आणि पायथनचा सराव एकही आठवडा सुटू नये. उत्तम कोड येतो आणि तो स्वच्छ समजावूनही सांगता येतो, असा इंजिनिअर तिनं व्हावं.

मराठी माध्यमाची धास्ती सोडा. या लिखाणाला अलंकारिक इंग्रजी लागतच नाही. छोटं वाक्य, एक अर्थ, एका गोष्टीला सगळीकडे एकच शब्द, बस. लांबण लावली तर उलट नुकसान, कारण एजंटला एका वेळी वाचता येणाऱ्या मजकुरालाही मर्यादा असते.

तिला एक सांगा. प्रत्येक टूलसाठी शेतकरी आणि व्यापारी खरोखर विचारतील असे वीसेक प्रश्न काढायचे, आधी जुन्या वर्णनावर आणि मग नव्या वर्णनावर एजंटला विचारायचे. कुठं चुकीचं टूल निवडलं, कुठं तारीख उलटी घातली, याची वही ठेवायची. कंपनीची परवानगी मिळाली तर यातला थोडा भाग गिटहबवर (कोड सगळ्यांना बघता येईल असा ठेवण्याची वेबसाइट) टाकावा, नाहीतर एखाद्या खुल्या एमसीपी प्रकल्पातली अपुरी वर्णनं सुधारून पाठवावीत. मुलाखतीत दाखवायला याहून चांगलं काम तिसऱ्या वर्षाच्या फार थोड्या मुलांकडे असतं.

आणि एक विनंती. पुढचं पत्र तिलाच लिहू द्या. सोबत तिनं लिहिलेलं एखादं वर्णन जोडलं तर मी वाचून सविस्तर कळवेन.