फॉर्म राहिला, पोरीला काय सांगू?

प्रिय माई,

मी आशा सेविका आहे. करमाळा तालुक्यात आमचं गाव. मोठी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे. चौथीची परीक्षा झाल्यापासून ती नवोदयचा, म्हणजे सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास करते. तिचे गुरुजी शाळा भरायच्या आधी तासभर शिकवतात, एक रुपया घेत नाहीत. पोरगी हुशार आहे असं तेच म्हणतात, मी नाही.

फॉर्म भरायचं काम माझ्याकडं होतं. मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला आणून फ्रीजवर ठेवला होता. मुदत एकदा वाढली, तेव्हा पुन्हा वाढेल असं सगळेच म्हणत होते. त्यात माझं सर्वेक्षण लागलं, आणि मालक ट्रकवर. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑनलाईनच्या दुकानात गेले तर ही गर्दी. साईट नुसती गोल गोल फिरत होती. दाखल्याचा फोटो केबीत बसेना. रात्री बारा वाजले आणि संपलं. मुदतवाढ काही आली नाही.

मुलीला अजून सांगितलेलं नाही. ती रोज पहाटे उठते, वहीचं पान चौपदरी दुमडते, केरसुणीच्या काडीनं भोक पाडते आणि उलगडायच्या आधीच सांगते, कुठं कुठं भोकं पडली असतील. मला बघवत नाही. मालक म्हणतात, तुझ्यामुळं झालं. सासूबाई म्हणतात, बरंच झालं, पोरीला एवढ्या लांब कशाला ठेवायची. दीर म्हणतात, पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या शाळेत परत पाचवीला बसवू. मला वाटतं, यंदा परीक्षाच रद्द झाली असं तिला सांगून मोकळं व्हावं. सांगू का?

एक आई

ताई,

नका सांगू. परीक्षा रद्द झाल्याची थाप फार तर हॉल तिकिटं येईपर्यंत टिकेल. तिच्या वर्गातल्या, शेजारच्या वस्तीवरच्या कुणी ना कुणी फॉर्म भरलाच असणार. परीक्षेच्या दिवशी तो पोरगा पॅड आणि दोन पेनं घेऊन केंद्रावर निघेल आणि तुमची लेक दारातून बघेल. फॉर्म राहिला हे तिला तेव्हा कळेलच, आणि आई आपल्याशी खोटं बोलली हेही. फॉर्मचं दुःख वर्षभरात ओसरेल. दुसऱ्याचं मी सांगू शकत नाही.

तुमच्या पत्रात मला फॉर्मपेक्षा जास्त खुपलं ते त्या पहाटेच्या अभ्यासाचं. ज्या परीक्षेला बसताच येणार नाही, तिच्यासाठी पोर अंधारात उठते आहे आणि घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना ते ठाऊक आहे. हे थांबवा. अभ्यास थांबवा असं म्हणत नाही. तो कशासाठी करायचा हे तिचं तिला ठरवू दे, आणि त्यासाठी तिला खरं ठाऊक हवं.

मालक घरी असतील अशा रविवारी सांगा. शाळेला निघायच्या गडबडीत नको, रात्री झोपताना तर नकोच. दोघांनी समोर बसा आणि आडवळणं न घेता सांगा: ‘तुझा नवोदयचा फॉर्म भरायचा आमच्याकडून राहिला. शेवटच्या दिवसावर ठेवला आणि साईट चालली नाही. आता त्या परीक्षेला बसता येणार नाही. तू अभ्यासात कुठंही कमी पडली नाहीस. चूक आमची आहे.’ बास. ‘आमची’ म्हणा, ‘माझी’ नको. का ते पुढं सांगते.

त्यात नशीब आणू नका. ‘तुझ्या नशिबात नव्हतं’ म्हटलं की दहा वर्षांच्या पोरीला वाटतं, आपल्यातच काहीतरी खोट आहे. ‘तिथलं जेवण बरं नसतं’, ‘तिथं पोरं रडतात’ हेही नको. कालपर्यंत तुम्हीच तिला आपल्या जिल्ह्यातल्या नवोदयचं, पोखरापूरच्या शाळेचं गुणगान ऐकवलं, आज तीच शाळा वाईट कशी झाली? पोरांना हा हिशेब बरोबर कळतो. आणि ‘ऐंशीच तर जागा, कुठं लागली असतीस’ हे तर चुकूनही तोंडातून काढू नका. जागा ऐंशीच आहेत आणि जिल्ह्यातून मुलं हजारोंनी बसतात, हे खरं. ते तुमचं मन हलकं करायला तुमच्याजवळ ठेवा. तिला ते ऐकून वाटेल, आईला आपला भरवसाच नव्हता.

ती रडेल. कदाचित रडणार नाही, नुसती गप्प होईल, जेवणार नाही, तुमच्याशी धड बोलणार नाही. ‘तू सगळ्या गावाच्या बाळंतिणींची कामं करतीस, माझा एक फॉर्म नाही भरलास’ असंही म्हणेल. म्हणू द्या. त्यावर सर्वेक्षणाचं कारण काढू नका. तिच्यासमोर हुंदके देऊन रडू पण नका, नाहीतर तिलाच तुमचे डोळे पुसावे लागतील आणि तिचा राग तिच्यापाशीच राहील. लगेच ड्रेस, सायकल, मोबाईल असलं काही आणून समजूत काढू नका. त्या वयात रागाला तेवढा मान मिळाला पाहिजे.

आता दिरांचं. त्यांचा हेतू चांगला असेल, पण बेत साफ चुकीचा आहे. नवोदयच्या सहावीच्या परीक्षेला मुलाला एकदाच बसता येतं. पाचवी परत केलेलं मूल त्यात बसतच नाही, मग शाळा याच गावची असो की पलीकडच्या. म्हणजे दाखल्यात खाडाखोड करा, तारखा फिरवा, मुख्याध्यापकांना गळ घाला, एवढंच उरतं. पुढं कागदपत्रं तपासताना ते उघडं पडलं तर प्रवेश जातो आणि पोरीच्या कागदाला डाग लागतो तो वेगळाच. शिवाय तिच्या मैत्रिणी सहावीत आणि ही परत पाचवीच्या बाकावर. तिनं काय केलं म्हणून तिला ही शिक्षा? दिरांना सांगा, भाऊजी, नियमातच बसत नाही. विषय संपवा.

आणखी एका माणसापासून सावध राहा, जो अजून तुमच्या दारी आला नसेल पण येईल. ‘दुरुस्तीची खिडकी उघडते तेव्हा आत घुसवतो, दोन हजार लागतील.’ मुदत संपल्यावर दोन दिवस दुरुस्तीसाठी साईट उघडतात, हे खरं आहे. पण ते ज्यांचा फॉर्म आधीच गेला आहे त्यांच्यासाठी, माध्यम, प्रवर्ग, ग्रामीण-शहरी असलं काही चुकलं असेल तर. नवा फॉर्म त्यातून भरता येत नाही. फॉर्मला मुळात फी नाही, तेव्हा त्यासाठी पैसे मागणारा माणूस काय विकतो आहे ते तुम्हीच ओळखा. तुमच्या मनाच्या समाधानासाठी पोखरापूरच्या विद्यालयात एक फोन करा, जमलं तर समक्ष जा, आणि नवोदय विद्यालय समितीच्या वेबसाईटवरच्या सूचना बघत राहा. उशिरा मुदतवाढ आली तर तिथंच कळेल. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पत्रावर जाऊ नका. मात्र या आशेवर मुलीला सांगणं लांबवायचं नाही.

मुदत पुन्हा वाढेल असं तुम्हाला वाटलं, यात तुम्ही काही जगावेगळं केलं नाहीत. २०२५ मध्ये २९ जुलैची तारीख आधी १३ ऑगस्टवर आणि मग २७ ऑगस्टवर गेली होती. असं होत राहिलं की गावोगावी लोक शेवटच्या तारखेला शेवटची मानतच नाहीत, आणि ज्या वर्षी वाढत नाही त्या वर्षी कुणाचं तरी पोर बाहेर राहतं. मला याचा राग येतो. नवोदय निघाली ती खेड्यातल्या पोरांसाठी. पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीत सुरू झाली. निदान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, राहणं-जेवण-पुस्तकं-गणवेश सगळं मोफत. आणि आत शिरायची वाट मात्र अशी, की आईच्या मोबाईलवर केबी जुळल्या नाहीत तर पोरीचं गणित कितीही पक्कं असून उपयोग नाही. अर्ज शाळेनंच भरावा असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं शाळेत आहेत, दाखला शाळेचा आहे, मग आईनं ऑनलाईनच्या दुकानात रात्री बारापर्यंत का बसावं? तुमच्या आशा ताईंच्या बैठकीत हे जरूर बोला, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाचं तरी वाचेल.

म्हणून तुमची चूक नाहीच असं मी म्हणणार नाही. दाखला तयार असताना तो फ्रीजवर राहिला. पण मालकांना विचारा, त्या सगळ्या दिवसांत त्यांनी एकदा तरी फोनवर ‘फॉर्म गेला का?’ असं विचारलं होतं का? विचारलं नसेल तर ‘तुझ्यामुळं’ म्हणायचा हक्क त्यांना नाही. शांतपणे, पोरगी घरात नसताना बोला. वर ‘आमची चूक’ म्हणायला सांगितलं ते याचसाठी. आईची चूक आणि बाबा बिनदोष, अशी विभागणी पोरीच्या डोक्यात एकदा बसली की पुढं प्रत्येक भांडणात ती तुमच्याविरुद्ध निघेल.

सासूबाईंशी वाद घालू नका, पण ‘बरंच झालं’ हे पोरीच्या कानावर पडू देऊ नका. गेलीच असती तर त्यांनाच सगळ्यात जास्त करमलं नसतं, बहुतेक.

गुरुजींना तुम्ही अजून भेटला नसाल असा माझा अंदाज आहे, कारण पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. रविवारी पोरीला सांगाल, त्याच्या आधी त्यांना भेटा. त्यांची सकाळ त्यांनी दिली आहे, त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळणं बरं नाही. रागावतील, ऐकून घ्या. मग त्यांच्याकडून दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली शिष्यवृत्ती परीक्षेची. ती पाचवी-आठवीवरून चौथी-सातवीवर नेण्याचा निर्णय झाला आहे, तेव्हा तुमच्या मुलीला यंदा बसता येतं की सातवीत, ते गुरुजींनाच नेमकं ठाऊक असेल. तिचा अर्ज शाळेमार्फत जातो, हा तुमच्यासाठी केवढा दिलासा. तिच्यात बुद्धिमत्ता चाचणी आहे, गणित आहे, भाषा आहे, म्हणजे कागद दुमडून केलेली सगळी मेहनत जशीच्या तशी कामी येते. दुसरी गोष्ट, मुलीची इच्छा असेल तरच, नवोदयच्या जुन्या प्रश्नपत्रिकेवर एकदा पूर्ण सराव घ्यायचा: ऐंशी प्रश्न, शंभर गुण, दोन तास, घड्याळ लावून. काही पोरांना आपल्याला किती पडले असते हे जाणून घ्यायचंच असतं. काहींना ते पुस्तक परत डोळ्यांसमोर नको असतं. तुमची कुठली ते तीच सांगेल, तुम्ही आग्रह धरू नका. नवोदयचं पुस्तकही तुम्ही उचलून माळ्यावर टाकू नका, त्याचं काय करायचं ते तिचं.

सैनिक शाळेचा विचार कुणी ना कुणी तुमच्या डोक्यात घालेल. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, आता मुलींनाही घेतात. सहावीसाठी ३१ मार्चला वय दहा ते बारा लागतं. अर्जाच्या तारखा दर वर्षी बदलतात, कधी ऑक्टोबरात तर कधी डिसेंबरअखेर, तेव्हा अजून वाट मोकळी असू शकते. पण ती शाळा नवोदयसारखी मोफत नाही. वर्षाचा खर्च लाखाच्या वर जातो, शिष्यवृत्त्या आहेत पण त्यांचे नियम आधी नीट समजून घ्या. आणि मुख्य म्हणजे मुलीला तिथं जायचं आहे का? एक दार बंद झालं म्हणून घाईघाईनं तिला दुसऱ्या दारात ढकलू नका.

नवोदयचंही सगळं संपलेलं नाही. आठवीत असताना नववीच्या प्रवेशासाठी परत परीक्षा होते. मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलीला ती जड जाते, कारण गणित-विज्ञानाबरोबर इंग्रजी आणि हिंदी असतं, आणि जागा रिकाम्या असतील तेवढ्याच. तरी तीन वर्षं हातात आहेत. आत्ता हे तिला आश्वासन म्हणून देऊ नका, सातवीत गेली की सांगा. त्याच सुमारास आठवीची एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षाही येते. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर नववी ते बारावी महिना हजार रुपये मिळतात. गंमत बघा, ही शिष्यवृत्ती नवोदयच्या मुलांना मिळत नाही, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्याच मुलांना मिळते.

आणि यापुढचा कुठलाही फॉर्म निघाला की पहिल्या आठवड्यात भरायचा, मुलीला शेजारी बसवून. पाचवीच्या पोरीला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं. तिची सही, तुमची सही, आधार, रहिवासी दाखला हे सगळं लहान आकाराच्या फोटोंत करून त्या ऑनलाईनवाल्या मुलाकडून मोबाईलमध्ये आत्ताच ठेवून घ्या. फॉर्म गेल्यावर नोंदणी क्रमांकाची प्रिंट निघेपर्यंत दुकानातून उठायचं नाही, आणि ती प्रिंट गुरुजींकडे एक, घरी एक.

तुमची,
माई