वाचकांचे प्रश्न : पाय थकले, की वाट अडली?

अमेरिकन फुटबॉलविषयी या सदरात कधी लिहावे लागेल, असे आम्हांला वाटले नव्हते. परंतु गेल्या काही आठवड्यांत एकाच विषयाची तीन पत्रे आली आणि तिन्ही नागपूर व जिल्ह्यातली निघाली, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : स.न.वि.वि. माझा मुलगा मिहानमधील एका कंपनीत नोकरीला आहे. हिवाळ्यात दर सोमवारी सकाळी सात वाजायला दहा मिनिटे असताना तो आणि त्याचे दोन मित्र आमच्याकडे टीव्हीसमोर बसतात, कारण अमेरिकेत तेव्हा रविवारची रात्र असते आणि तिथला मोठा सामना सुरू होतो. त्यांच्या लाडक्या संघाचा रनिंग बॅक तिशी ओलांडलेला आहे. एक मित्र म्हणतो, "संपला तो, आता बसवा त्याला." माझा मुलगा म्हणतो, "समोरची फळीच गळकी आहे, तो एकटा काय करणार?" वाद इतका रंगतो की मी आणून ठेवलेल्या पोह्यांवरची तर्री निवून जाते. मला या खेळातले काही कळत नाही. खरे कोणाचे मानायचे?
— एक वाचक भगिनी, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ताई, आपल्या पत्रात त्या खेळाडूचे नाव नाही, असते तरी चालू हंगामातल्या खेळाडूवर निकाल देण्याचे धाडस आम्ही केले नसते. त्याऐवजी ज्याचा हिशेब कधीच पुरा झाला आहे, असा एक खेळाडू घेऊ. मात्र आधी खेळाविषयी थोडे सांगायला हवे.

नावात फुटबॉल असला तरी या खेळात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. अकरा जणांच्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या हाती देतो, त्याच्या पुढची पाच धिप्पाड माणसांची फळी प्रतिस्पर्ध्यांना रेटून एक फट पाडते आणि त्या फटीतून त्याने निसटायचे असते. ही फट क्षणभरच टिकते. शनिवारी संध्याकाळी सीताबर्डीच्या मेन रोडवर दोन माणसांमधली जागा दिसते न दिसते तोच मिटते, तसेच हे. अशा प्रत्येक प्रयत्नाला आपण खेप म्हणू. आता गडी दोन यार्डांवर आडवा झाला, तर फट पडलीच नव्हती की पडलेल्या फटीपर्यंत तो वेळेत पोहोचला नाही, हे टीव्हीवर पाहणाऱ्याला चटकन समजत नाही. तुमच्या घरातला सगळा वाद या एका गोष्टीवरून आहे.

लाडेनियन टॉमलिन्सन हा सॅन डिएगो चार्जर्सचा रनिंग बॅक. २००६ च्या हंगामात त्याने ३४८ खेपांत १८१५ यार्ड काढले आणि एकूण ३१ टचडाउन केले, म्हणजे तितक्यांदा चेंडू मैदानाच्या टोकाच्या रेषेपार नेला. एका हंगामातल्या टचडाउनचा तो विक्रमच ठरला. खेपेमागे सरासरी ५.२ यार्ड पडली. २००८ मध्ये ही सरासरी ३.८ वर आली आणि २००९ मध्ये, म्हणजे तिसाव्या वर्षी, २२३ खेपांत ७३० यार्ड, अर्थात ३.३ वर घसरली. फेब्रुवारी २०१० मध्ये संघाने त्याला मोकळे केले. 'संपला' म्हणणाऱ्यांच्या हाती याहून भक्कम पुरावा काय असणार?

पुढच्याच हंगामात तो न्यू यॉर्क जेट्सकडून खेळला. तिथे २१९ खेपांत ९१४ यार्ड आणि सरासरी ४.२. पाय तेच होते, उलट वर्षाने म्हातारे झालेले. खेपा चार कमी आणि यार्ड मात्र १८४ जास्त. फरक होता तो पुढच्या फळीत. निक मँगोल्ड आणि डी'ब्रिकशॉ फर्ग्युसन यांच्यासारखी मातब्बर माणसे जेट्सच्या त्या फळीत होती. सॅन डिएगोतला उतार कधी सुरू झाला, हेही पाहण्यासारखे आहे. टॉमलिन्सनच्या पुढे धावून त्याची वाट मोकळी करणारा फुलबॅक लोरेन्झो नील २००३ ते २००७ या काळात चार्जर्समध्ये होता. २००८ मध्ये तो तिथे नव्हता. आकड्यांच्या तक्त्यात नीलचे नाव कुठेच येत नाही, पण टॉमलिन्सनच्या यार्डांत त्याचा वाटा होता, असे आमचे मत आहे.

म्हणून तुमचा मुलगा पूर्ण बरोबर, असेही नाही. न्यू यॉर्कच्या त्या फळीमागेदेखील ५.२ काही परत आले नाही आणि २०११ मध्ये टॉमलिन्सनला जेमतेम ७५ खेपा मिळून तो २८० यार्डांवर थांबला. जानेवारी २००८ मध्ये न्यू इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दुखऱ्या गुडघ्यामुळे तो दोन खेपांनंतर बाकावर जाऊन बसला होता, तेही विसरता येत नाही. टॉमलिन्सनपुरता आमचा कौल विचाराल, तर दहा आणे पायांना आणि सहा आणे फळीला.

येत्या सोमवारी पोहे थोडे उशिरा करा आणि स्वतः एक गोष्ट बघा : धावणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याचा पहिला हात कुठे लागतो? तो चेंडू घेऊन निघतो न निघतो तोच, फळीच्या मागेच लागत असेल, तर मुलाचे म्हणणे खरे. फळी ओलांडून तो मोकळ्यात आला, समोर एकच माणूस उरला आणि पूर्वी ज्याला त्याने एका हुलकावणीत मागे टाकले असते, त्यानेच घोट्याला धरून पाडले, असे सामन्यात चार-पाचदा घडले, तर मित्राचे.

प्रश्न : आमच्या विदर्भाकडून वसीम जाफर चाळिशीत खेळला आणि २०१८-१९ च्या रणजी हंगामात त्याने १०३७ धावा काढल्या. मग या अमेरिकन खेळाडूंना तिशीतच म्हातारे का ठरवतात? आणि उतार दिसू लागण्याआधीच ते मानाने निवृत्त का होत नाहीत?
— एक निवृत्त शिक्षक, महाल, नागपूर

उत्तर : गुरुजी, जाफरची ती खेळी जामठ्यावर बसून पाहिलेल्यांना तुमचा प्रश्न अगदी रास्त वाटेल. पण फलंदाजाचा अनुभव त्याच्या कामी येतो; चेंडू कोणता सोडायचा हे चाळिशीत विशीपेक्षा अधिक कळते. रनिंग बॅकलाही अनुभवाने फट लवकर दिसते, परंतु तिच्यापर्यंत पहिल्या तीन पावलांत पोहोचणारा जोर वयाबरोबर सर्वांत आधी जातो. शिवाय त्याची जवळजवळ प्रत्येक खेप शंभर किलोंच्या माणसाने अंगावर येऊन जमिनीवर आपटण्याने संपते. टॉमलिन्सनच्या कारकिर्दीत अशा ३१७४ खेपा झाल्या. त्यामुळे या खेळाडूचे वय जन्मतारखेपेक्षा खेपांवर मोजलेले बरे. टॉड गर्ली २०१७ चा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला आणि २०२० मध्ये, सव्विसाव्या वर्षी, गुडघ्याच्या दुखण्याने त्याचा शेवटचा हंगाम होऊन गेला. उलट फ्रँक गोरच्या दोन्ही गुडघ्यांवर कॉलेजात असतानाच शस्त्रक्रिया झाल्या होत्या, तरी तो २००५ ते २०२० असे सोळा हंगाम खेळला आणि बरोबर १६००० यार्डांवर थांबला. डेरिक हेन्रीने २०२४ मध्ये तिसाव्या वर्षी १९२१ यार्ड काढले. हे अपवाद आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून इतरांना नावे ठेवू नयेत.

मानाने जाणारेही झाले. जिम ब्राउन १९६५ च्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरल्यावर तिसाव्या वर्षी थांबला. बॅरी सँडर्सने जुलै १९९९ मध्ये आपल्या गावच्या वृत्तपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती कळवली, तेव्हा वॉल्टर पेटनच्या कारकिर्दीतल्या एकूण १६७२६ यार्डांच्या विक्रमापासून तो १४५७ यार्ड दूर होता आणि आदल्याच हंगामात त्याने १४९१ काढले होते. इतक्या जवळ येऊन पाठ फिरवणे सर्वांना जमत नाही, आणि जमावे अशी अपेक्षा आपण का करावी, हे आम्हांला कळत नाही. २०११ पासून नव्या खेळाडूचा पहिला करार ठरीव रकमेचा आणि चार वर्षांचा असतो, म्हणजे घसघशीत पैसा हाती येण्याची वेळ येते तोवर अंगातली उत्तम वर्षे खर्ची पडलेली असतात. अशा माणसाने आणखी दोन हंगाम ओढले, तर त्याला हावरट म्हणणे आम्हांला पटत नाही. एमिट स्मिथला २००३ मध्ये ॲरिझोनात खेपेमागे २.८ यार्डांवर पाहून अनेकांना वाईट वाटले असेल. पण पुढच्या वर्षी, पस्तिसाव्या वर्षी, त्याने तिथेच ९३७ यार्ड काढले आणि एकूण १८३५५ चा विक्रम मागे ठेवून मग तो थांबला.

प्रश्न : एका हंगामात ३७० खेपा झालेला रनिंग बॅक पुढच्या वर्षी कोसळतोच, असे माझा भाचा सांगतो. हे खरे आहे का? आमच्या संत्र्याच्या बागेत झाडाने एका वर्षी अंगापेक्षा जास्त बहर धरला, की पुढच्या वर्षी ते रुसते, म्हणून विचारतो.
— एक बागायतदार, काटोल

उत्तर : भाच्याकडे उदाहरणे आहेत. शॉन अलेक्झांडरने २००५ मध्ये नेमक्या ३७० खेपांत १८८० यार्ड काढले. पुढच्या वर्षी पायाचे हाड मोडले आणि तो ८९६ वर आला. लॅरी जॉन्सनला २००६ मध्ये विक्रमी ४१६ खेपा दिल्या गेल्या आणि २००७ मध्ये पायाच्या दुखापतीने त्याचा हंगाम अर्ध्यावर संपला.

पण तुम्ही बागायतदार आहात, तर उलट बाजूही तुम्हांलाच पटेल. विक्रमी बहराच्या वर्षी पाऊस वेळेवर आलेला असतो, गारपीट चुकलेली असते, भावही बरा असतो. पुढच्या वर्षी झाड जराही थकलेले नसले तरी या सगळ्या गोष्टी पुन्हा जुळून येत नाहीत आणि उत्पन्न घटते. रनिंग बॅकला ३७० खेपा मिळतात त्याच वर्षी, ज्या वर्षी तो ठणठणीत असतो, फळी शाबूत असते आणि संघ आघाडीवर राहून वेळ काढण्यासाठी चेंडू त्याच्याच हाती देत असतो. त्या वर्षाशी तुलना केली, तर पुढचे कोणतेही वर्ष पडतेच दिसणार. अतिवापराने शरीर झिजते, हे आम्ही नाकारत नाही. ३६९ वर ठीक आणि ३७० वर कोसळला, अशी रेघ मात्र कुठे नाही. एरिक डिकरसनला १९८४ मध्ये ३७९ खेपा होत्या आणि त्याने २१०५ यार्डांचा विक्रम केला; १९८५ मध्ये कराराच्या वादात पहिले दोन सामने न खेळल्याने तो १२३४ वर राहिला. भाच्याच्या नियमाने तो तिथेच संपायला हवा होता. १९८६ मध्ये त्याने ४०४ खेपांत १८२१ यार्ड काढले.