गिल्टी प्लेझर म्हणे!

अगं,

तुझा रात्री पावणेबाराचा मेसेज सकाळी वाचला. पार्टीत सगळे आपापले आवडते डिरेक्टर सांगत होते म्हणून तूही दोन अवघड नावं फेकलीस आणि घरी येऊन पांघरुणात शिरून ख्रिसमसचा टीव्ही पिक्चर लावलास, आणि आता मला विचारतेस मी ढोंगी आहे का. हो, आहेस. पिक्चर बघितलास म्हणून नाही, नावं फेकलीस म्हणून.

आणि खाली ते 'माय गिल्टी प्लेझर' लिहिलंयस ना, ते आधी खोड. कसला गिल्ट? कुणाचं काय चोरलंस? आवडतं तर आवडतं म्हणायचं, लपवायचं नाही. पुढे मी बरंच लांबण लावणार आहे पण सांगायचं एवढंच आहे.

तू एडिटिंग शिकतेस ना, मग जरा त्या नजरेने बघ की. हे पिक्चर साधारण पंधरा दिवसांत शूट होतात, बरेचसे कॅनडात ब्रिटिश कोलंबियात, आणि कितीतरी चक्क उन्हाळ्यात. म्हणजे ती बाई लोकरीचा कोट, मफलर, टोपी घालून खोट्या बर्फात उभी आहे, आतून घामाने भिजलीय, आणि तिला थंडीने कुडकुडत प्रेमात पडायचंय. एकदा बोलताना तोंडातून वाफ निघते का बघ, निघत नाही. कॉफीचा कप कसा उचलतात तेही बघ, रिकामा असतो ते लगेच कळतं. मला हे दिसतं तेव्हा हसू येतं आणि त्यांच्याबद्दल मायाही वाटते, पंधरा दिवसांत आणखी काय काय करणार बिचारे. आणि स्क्रिप्ट नऊ तुकड्यांत बांधलेली असते, कारण मधे जाहिराती. दर तुकड्याच्या शेवटी काहीतरी अर्धवट सोडायचं की माणूस उठून जाणार नाही. ते दोघं जवळ येतात आणि नेमकी कुणाची तरी हाक येते, तो कट कुठे मारलाय ते मोजून बघ एकदा, आणि मग ते जमतंय का स्वतः करून बघ. तुझ्या त्या अवघड डिरेक्टरला जाहिरातीनंतर प्रेक्षक परत आणायचं टेन्शन कधी नव्हतं. असो, त्यांच्याशी माझं भांडण नाही.

(थोडं आहे.)

सगळे चांगले असतात असं मी म्हणतच नाही, कित्येक मी अर्ध्यात बंद करते. वाईटाला वाईट म्हण की खुशाल, पण बघून म्हण. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' या जुन्या ख्रिसमसच्या पिक्चरचंच घे ना, 1946 साली थिएटरात आला तेव्हा खर्चसुद्धा वसूल झाला नव्हता. 1974 मध्ये कॉपीराइट रिन्यू करायचा राहून गेला, टीव्हीवाल्यांना फुकटात मिळाला, ते दर डिसेंबरला लावत सुटले आणि लोकांनी घरात बसून बसून तो मोठा केला. आज त्याचं नाव पार्टीत घेतलंस तर माना डोलावतील हेच लोक.

आता तुला हे सगळं का ऐकवतेय ते सांगते. 2009 च्या हिवाळ्यात माझी आई आमच्याकडे अमेरिकेत राहायला आली होती. हे असले पिक्चर दाखवणाऱ्या हॉलमार्क चॅनेलने 'काउंटडाउन टू ख्रिसमस' नाव देऊन ओळीने पिक्चर दाखवायला सुरुवात केली ते त्याच वर्षी. आईला इंग्रजी अर्धं कळायचं, गोष्ट मात्र पूर्ण कळायची. हिरॉइन शहरातल्या ज्या भावी नवऱ्याला पुढे सोडून देते तो सारखा फोनवर असतो, त्याला आई 'फोनवाला' म्हणायची, दर पिक्चरात. "हा फोनवाला सुटला गं, आज जरा लवकरच सुटला." डिसेंबरात एनबीसी चॅनेलवर 'द सिंग-ऑफ' ही गाण्याची स्पर्धा आली, आठ ग्रुप, एकही वाद्य नाही, नुसते गळे. आईचा विश्वासच बसेना, म्हणाली मग तबला कुठून येतोय? तोंडाने वाजवतात म्हटलं तर उठून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन त्या पोराचे ओठ बघत उभी राहिली. आणि जो ग्रुप बाहेर जाईल त्याने जाताना शेवटचं एक गाणं म्हणायचं असा त्यात नियम होता. हरलेल्यांनीही गाऊनच निघायचं, ते आईला फार पटलं, डोळे पुसायची.

आणि मी काय करत होते? मी तेव्हा फिल्म सोसायटीवाली. लॅपटॉप घेऊन जाता जाता म्हणाले, "आई, किती फालतू बघतेस गं." एवढंच. ती काही बोलली नाही. पण त्यानंतर माझ्या गाडीचा, म्हणजे गॅरेजच्या दाराचा आवाज आला की टीव्ही बंद. मी आत यायचे तेव्हा ती हातात पोथी घेऊन बसलेली आणि रिमोट शालीखाली. मला आठवडाभर कळलंच नाही, आणि कळलं तेव्हाही मी विषय काढला नाही. तेव्हा काम खूप होतं, प्रोजेक्ट डोक्यावर होता, थकून यायचे, आणि खरं सांगू तर मला वाटलं होतं उलट पोथी वाचतेय ते बरंच आहे. बघ, अजूनही कारणंच देतेय. सत्तरीच्या बाईला मी माझ्या घरात लाज शिकवली. ती परत गेली, पुन्हा इकडे आली नाही, आणि आता ती नाहीये.

म्हणून तू 'गिल्टी' लिहिलंस की माझं डोकं फिरतं.

त्याच 'सिंग-ऑफ'मध्ये 2011 साली पेंटाटॉनिक्स नावाचा पाच जणांचा ग्रुप जिंकला. पाचही जण एकत्र पहिल्यांदा भेटले होते ऑडिशनच्या आदल्या दिवशी. जिंकल्यावर रेकॉर्ड कंपनीने सोडलं, तर ही पोरं यूट्यूबवर गात राहिली, आणि 2014 चा त्यांचा ख्रिसमसचा अल्बम दहा लाखांच्या वर खपला. मी तो किती वेळा ऐकलाय विचारू नकोस, आणि विचारलंस तर सांगेन, लपवणार नाही.

म्हणजे बहुतेक लपवणार नाही. परवा एक पिक्चर बघत होते आणि नवऱ्याच्या गाडीचा आवाज आला, तर माझाच हात रिमोटकडे गेला! इतकी वर्षं झाली तरी. मग मुद्दाम आवाज वाढवला, तो म्हणाला बहिरी झालीस का.

शनिवारी संध्याकाळी ये. त्या पार्टीतल्या कुणाला आणायचं तर आण, पण फोन बाहेर ठेवायचा आणि जेवून यायचं, मी मधे उठत नाही. फोनवाला किती वाजता सुटतो त्यावर पैज लावू.

— तुझी मावशी