निसर्गरक्षणाच्या गोष्टी मुलांना कशा सांगाव्यात?

आपला प्रश्न असा आहे की, सात वर्षांच्या मुलीला निसर्गरक्षणाची गोष्ट सांगायला घेतली की ती "झाडे तोडू नका, हेच ना?" असे म्हणून उठून जाते; मग तिला काय सांगावे? मी पुण्यात कोथरूडला राहतो आणि काही वर्षांपासून आमच्या सोसायटीतील मुलांना शनिवारी संध्याकाळी गोष्टी सांगतो. त्या अनुभवावर हे उत्तर आधारलेले आहे.

आपल्या मुलीची तक्रार मला रास्त वाटते. रडणारे झाड आणि दुष्ट लाकूडतोड्या यांची गोष्ट मीही पूर्वी सांगत असे. एकदा एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांच्या मुलाने "मग माझे बाबा दुष्ट आहेत का?" असे विचारले आणि मी निरुत्तर झालो. तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो : गोष्टीतील पेच त्या प्राण्याच्या खऱ्या जगण्यातून आला पाहिजे, माझ्या उपदेशातून नव्हे.

राखी धनेशाचेच (इंग्रजीत ग्रे हॉर्नबिल) पाहा. हा पक्षी पुण्यात जुनी झाडे टिकून असलेल्या भागांत आजही दिसतो. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि माती व विष्ठा यांनी तोंड लिंपून आतच कोंडून घेते; चोच जाईल एवढीच फट उरते. आत असताना तिची उडण्याची पिसेही झडतात. त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लांनाही वड-उंबराची फळे, किडे भरवण्याचे काम एकटा नर करतो. आता पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू झाली आहे आणि कामगारांना ते झाड पोकळ, म्हणजे धोकादायक वाटते आहे, एवढेच मी सांगतो आणि थांबतो. कामगार वाईट नाहीत, झाड खरोखरच पोकळ आहे आणि नर अजून उंबरावरून परतलेला नाही. या ठिकाणी आजवर एकही मूल उठून गेलेले नाही.

भीमाशंकरचा शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, हाही असाच उपयोगी पडतो, कारण तो सहसा जमिनीवर उतरत नाही. मधले एक झाड गेले की त्याचा रस्ताच तुटतो. सुगरणीची गोष्ट सांगताना मात्र जपावे लागते : आपल्या भाषेने तिला स्त्रीलिंगी केले असले, तरी खोपा विणतो तो नर. मुली यावर फार खूश होतात.

माणसांच्या गोष्टींपैकी मी चिपको आंदोलनातील, आजच्या उत्तराखंडातल्या रैणी गावची निवडतो. मार्च १९७४ मध्ये गावातील पुरुष बाहेर गेले असताना झाडे तोडणारे मजूर जंगलाकडे निघाले, ते एका लहान मुलीने पाहिले आणि गावातील महिला मंडळाच्या प्रमुख गौरादेवींना येऊन सांगितले. मग गौरादेवी २७ बायकांना घेऊन झाडे वाचवायला जंगलात गेल्या. मुलांना त्या सांगणाऱ्या मुलीचे महत्त्व सर्वांत जास्त वाटते. १७३० सालची राजस्थानातील खेजडली गावची हकिकत, ज्यात खेजडीच्या झाडांसाठी बिश्नोई पंथाच्या ३६३ लोकांनी प्राण दिले, ती दहा-बारा वर्षांच्या आधी सांगू नये, असे माझे मत आहे. देवराईच्या, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाच्या, गोष्टीत देवाच्या कोपाचा धाक असतो. तो मी काढून टाकत नाही, कारण मुळशी-भोरकडील देवराया पुष्कळ अंशी त्या धाकानेच राखल्या.

सुताराच्या त्याच मुलाने धनेशाची गोष्ट ऐकल्यावर लाकडी पेटीची ढोली चालेल का, असे विचारले. चालू शकते, काही ठिकाणी धनेशांनी अशा पेट्यांत घरटी केली आहेत, असे मी सांगितल्यावर पुढच्या शनिवारी तो वडिलांकडून चार फळ्या घेऊन आला. पेटी अजून टांगलेली नाही. भोक केवढे ठेवायचे यावर मुलांचे एकमत होत नाही.