राजकीय पुस्तकं, थरारकथा आणि उपहासात्मक लेखन यांपैकी अलीकडे तुम्ही काय वाचलंत आणि काय सुचवाल?

तुम्ही तिन्ही प्रकार एकदम विचारलेत ते बरं झालं. गेल्या काही महिन्यांत मी प्रत्येक प्रकारातलं एकेक पुस्तक वाचलं आणि तिन्हींत मला एकच गोष्ट दिसत राहिली: कागद. अर्ज, सही, शिक्का, नक्कल. मी साताऱ्यात एका वकिलांच्या ऑफिसात काम करते, निम्मा दिवस सही-शिक्क्याच्या नकला मिळवण्यात जातो, त्यामुळे नजर आपसूक तिकडे वळत असेल. पण सत्ता कशी चालते हे समजून घ्यायचं असेल तर कागद कुठून निघाला, कुणाच्या टेबलावर थांबला आणि सही कधी झाली, हे आधी बघावं, असं मला मनापासून वाटतं.

पहिलं पुस्तक कूमी कपूर यांचं ‘द इमर्जन्सी: अ पर्सनल हिस्टरी’ (२०१५). आणीबाणीत त्या दिल्लीत इंडियन एक्सप्रेसच्या वार्ताहर होत्या. यजमान वीरेंद्र कपूर तुरुंगात आणि बहिणीचे यजमान सुब्रमण्यम स्वामी यांच्या मागावर पोलीस. घराला बसलेली झळ त्यांनी लिहिली आहेच, पण मी अडखळले ते एका पत्रापाशी. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर राय यांनी इंदिरा गांधींना हाताने लिहिलेलं पत्र, तारीख ८ जानेवारी १९७५. संघ आणि आनंदमार्ग या धार्मिक संघटनेच्या लोकांवर कारवाईची तयारी ठेवा, याद्या करवून घ्या, असा त्यातला सल्ला. आपण आजवर ऐकत आलो तो क्रम असा: १२ जूनला इंदिरा गांधींची निवडणूक रद्द करणारा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल, मग धावपळ, मग २५ जूनच्या रात्री आणीबाणी. हे पत्र निकालाच्या पाच महिने आधीचं आहे. तेवढी एक तारीख वाचली की सगळा क्रम नव्याने लावावा लागतो.

त्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी घोषणेवर सही केली तेव्हा मंत्रिमंडळाला काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मंत्र्यांना बोलावून झालेली गोष्ट सांगण्यात आली. त्यासाठी सरकारी कामकाजाच्या नियमांतला बारावा नियम, म्हणजे गरज पडल्यास पंतप्रधानांना नेहमीचे नियम बाजूला ठेवू देणारा, पुढे केला होता. म्हणूनच १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ३५२ व्या अनुच्छेदात अट घातली, की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी अशी घोषणा करायची नाही. ‘लेखी’ हा शब्द तिथे किती किंमत मोजून आला आहे, हे पुस्तक वाचल्यावर कळतं. (आमच्या जिल्ह्यातल्या कराडला आणीबाणीच्याच वर्षी, १९७५ मध्ये, साहित्य संमेलन झालं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, तेव्हा केंद्रात मंत्री. अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत, आणि त्या आणीबाणीविरुद्ध उघड बोलल्या. मला त्यांचा आजही फार अभिमान वाटतो.)

थरारकथा म्हणाल तर फ्रेडरिक फोर्साइथ यांची ‘द डे ऑफ द जॅकल’ (१९७१). गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, ते गेल्याची बातमी वाचली तेव्हापासून ती पुन्हा काढायची होती. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला नेमलेला मारेकरी आणि त्याचा माग काढणारा पोलीस अधिकारी लबेल, एवढीच गोष्ट. द गॉल पुढे १९७० मध्ये घरीच वारले, हे ठाऊक असूनही हातातलं पुस्तक सुटत नाही. यावेळी मी बंदुकीची पानं भराभर उलटली आणि पासपोर्टपाशी रेंगाळले. मारेकरी खेड्यातल्या चर्चच्या आवारात फिरून लहानपणीच वारलेल्या एका मुलाची कबर शोधतो. मुलगा जगला असता तर साधारण याच्याच वयाचा असता. मग त्या नावाने जन्माचा दाखला काढतो आणि दाखल्यावर पासपोर्ट. जन्माची नोंद एका वहीत, मृत्यूची दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही ताडून बघायचं काम कुणाकडेच नाही! ब्रिटनमध्ये या फसवणुकीला पुढे कादंबरीचंच नाव पडलं आणि ती फट कित्येक वर्षं तशीच राहिली.

मला सगळ्यात आवडलेला भाग मात्र पुढे येतो. लंडनचे पोलीस पासपोर्टचे अर्ज एकेक करून मृत्यूच्या नोंदींशी ताडत बसतात आणि त्यातून ते खोटं नाव हाती लागतं. फ्रान्समध्ये हॉटेलात भरलेली कार्डं तपासली जातात. ज्या कागदाने तो लपला, त्याच कागदाने तो उघडा पडतो. चिकाटीने केलेल्या कारकुनी कामाला इतका मान देणारी दुसरी थरारकथा मी वाचलेली नाही. १९७३ चा चित्रपट चांगला आहे, पण या कामाची मजा पुस्तकातच आहे.

उपहासासाठी श्रीलाल शुक्ल यांची ‘राग दरबारी’ (१९६८). लेखक स्वतः उत्तर प्रदेशात सरकारी अधिकारी होते, आणि ते पानोपानी जाणवतं. शिवपालगंज गाव, तिथले वैद्यजी, कॉलेज, सोसायटी हे सगळं गाजलेलं आहेच. मी मात्र त्यातल्या लंगड नावाच्या माणसाविषयी सांगेन. त्याला तहसील कचेरीतून एका कागदाची नक्कल हवी असते. बाबू पाच रुपये मागतो, लंगड म्हणतो दर दोनचा आहे. वाद होतो, आणि लंगड शपथ घेतो की लाच न देता नियमाने नक्कल मिळवीन. बाबूही शपथ घेतो की नियमानेच देईन. मग अर्जात एकामागून एक त्रुटी निघत राहतात. लंगड चिडत नाही, आवाजही चढवत नाही, पुढच्या तारखेला पुन्हा येऊन उभा राहतो. आधी हसू येतं, मग येत नाही. अशी माणसं नक्कल विभागाच्या खिडकीपाशी मी रोज बघते, सातबारासाठी, फेरफारासाठी, वारसनोंदीसाठी आलेली. माहितीचा अधिकार आला, महाराष्ट्रात तर केंद्राच्या कायद्याआधीच, २००२ मध्ये, आणि त्याने खरोखर फरक पडला. तरी त्रुटी काढून अर्ज परत करणं थांबलेलं नाही.

अरुण साधूंची ‘सिंहासन’ ही राजकीय कादंबरी तुम्ही वाचलीच असेल, नसेल तर जरूर वाचा, तिला तोड नाही. पण सुरुवात करायची तर ‘राग दरबारी’पासून करा, आणि हिंदी वाचता येत असेल तर मूळ हिंदीतूनच. पहिली पन्नासेक पानं कथानक असं हाती लागत नाही, तिथे सोडू नका. आणीबाणीचं पुस्तक त्यानंतर घ्या आणि शेजारी घटनेची प्रत असू द्या. अनुच्छेद ३५२ आधी कसा होता आणि आता कसा आहे, एवढं उघडून बघितलंत तरी पुस्तक दुप्पट कळेल.